घरकुलाचा हप्ता आणि मुकादमाची उचल

(वस्तीभेटीला जाणारे कार्यकर्ते आणि बचत गटाच्या ताई यांच्यासाठी अभ्यासपाठ)

घरकुल मंजूर झाले म्हणजे दोन लाख रुपये मिळाले, असे वस्तीवर बोलले जाते. तसे ते नसते, आणि या पाठाचा सगळा विषय त्या फरकातच आहे.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम-जनमन योजना अतिमागास आदिवासी गटांसाठी आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे तीन समाज त्यात येतात. आपल्या कसाल-कुडाळ भागात तिचा संबंध येतो तो कातकरी कुटुंबांशी. घरासाठी २ लाख रुपये, शौचालयासाठी वेगळे १२ हजार आणि रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी, असे हे साहाय्य आहे. हे कर्ज नव्हे, ते फेडायचे नाही. हे वाक्य पहिल्याच भेटीत दोनदा सांगावे. ‘उद्या सरकार वसूल करील’ या भीतीने कागदावर अंगठा न देणारी माणसे अजून आहेत.

पैसा हप्त्यांनी येतो. ठरलेल्या टप्प्यापर्यंत काम झाले, की जागेच्या नोंदीसह मोबाइलवर फोटो काढला जातो आणि मगच पुढचा हप्ता खात्यात पडतो. म्हणजे काम आधी, पैसा नंतर. चिरेवाला, सिमेंटवाला आणि गवंडी मात्र पैसा आधी मागतात. मधल्या त्या आठवड्यांत ज्याच्या हातात रोकड असते, तो घरावर हक्क सांगू लागतो.

बहुतेक वेळा तो वीटभट्टीचा नाही तर कोळशाच्या भट्टीचा मुकादम असतो. तो दहा हजार उचल देतो, गोड बोलतो, कागद करत नाही. दिवाळी झाली की ती फेडायला सगळे कुटुंब भट्टीवर जाते. इकडे भिंती अर्ध्यावर राहतात. फोटो नाही, म्हणून हप्ता नाही. मुलांची शाळा सुटते ती वेगळीच. घरासाठी घेतलेल्या उचलीनेच घर अडते, हे त्या कुटुंबाला आधी कोणी दाखवून दिलेले नसते.

व्याजाचे गणितही मोठ्याने करून दाखवावे. ‘शेकडा पाच’ ऐकायला हलके वाटते. पण दहा हजारांवर ते महिन्याला ५०० आणि वर्षाला ६,००० रुपये होतात. परवानाधारक सावकाराला शेतीबाहेरच्या विनातारण कर्जावर वर्षाला शेकडा १८, म्हणजे १,८०० रुपयांच्या वर व्याज घेता येत नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करायची असते. उचलीपोटी माणसाला अडकवून ठेवणे तर १९७६ च्या वेठबिगार कायद्यानेच बंद आहे. तरीही वस्तीवर जाऊन नुसता कायदा सांगू नये. उद्या चुलीवर काय शिजणार, हे मुकादमाला ठाऊक असते आणि आपल्याला नसते. म्हणून कायद्याआधी हिशेब.

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्याचा दाखला आहे. खर्चाची बेरीज न करता पाया घातला आणि तो लोकांच्या हसण्याचा विषय झाला. आपल्याकडे हा दाखला बहुधा शिष्यत्वावर शिकवला जातो, ते योग्यच. पण जोते घालण्याआधी बसून बेरीज करावी, हा त्यातला साधा अर्थही सोडू नये.

त्या बेरजेत पहिली गोष्ट घराचा आकार. योजनेचे किमान मोजमाप २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. गवंडी म्हणतो, “एक खोली वाढव, पुढे पडवी काढ.” ती पडवीच कर्ज आणते. पडवी पुढच्या वर्षी. दुसरी गोष्ट पाऊस. चिरे आणि वाळू मे महिन्याच्या आत जागेवर आली नाहीत, तर कोकणात काम चार महिने थांबलेच म्हणायचे. घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचे शासनाचे धोरण आहे. मागणी तहसील कार्यालयात करावी, पण वाहतुकीचा खर्च हिशेबात धरावा. तिसरी गोष्ट खाते. रोजगार हमीची मजुरी आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, घराचा हप्ता दुसऱ्याच खात्यात असू शकतो. ‘पैसे आलेच नाहीत’ अशी तक्रार आली, तर आधी दोन्ही पासबुके भरून आणावीत. कोऱ्या पैसे काढण्याच्या चिठ्ठीवर अंगठा मात्र कोणालाही देऊ नये, ठेकेदार कितीही ओळखीचा असला तरी.

गरिबांच्या घराबरोबर हिशेबाची सोबत द्यावी, ही कल्पना जुनी आहे. लंडनच्या मॅरिलबोन भागात १८६५ मध्ये ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी मोडकळीला आलेली घरे चालवायला घेतली. जॉन रस्किन यांनी ती विकत घेतली होती. त्या दर आठवड्याला स्वतः भाडे घ्यायला जात. थकबाकीबाबत त्या कडक होत्या. पण रंगकाम, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती अशी कामे त्या मंदीच्या दिवसांसाठी राखून ठेवत आणि बेकार भाडेकरूंनाच देत. त्यांचा कडकपणा मला सगळा पटत नाही. मंदीसाठी काम राखून ठेवण्याची युक्ती मात्र आपण घ्यावी. रोजगार हमीचे दिवस एकदम न संपवता, हप्ता अडकण्याच्या आठवड्यांसाठी काही राखता येतात का, हे ग्रामपंचायतीत आधी विचारावे.

घर झाल्यावर विजेचे बिल आणि घरपट्टी सुरू होते. झोपडीत राहणाऱ्याला ही सवय नसते. घरपट्टी भरून पावती जपून ठेवावी, आणि नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे आहे ना, ते पाहावे.

पुढच्या बैठकीला दोनशे चिंचोके न्यावेत. एक चिंचोका म्हणजे एक हजार रुपये. चिरे, सिमेंट, छप्पर, दारे, गवंडी असे ढीग बाईच्या हातून करून घ्यावेत, लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. मग प्रत्येक हप्त्याआधी किती चिंचोके हातात असतील, ते वेगळे मांडावेत. कुठल्या ढिगाशी हात थांबतो, ते वहीत टिपून घ्यावे. बचत गटातून नेमकी तेवढी रक्कम, नेमकी त्याच आठवड्यात मिळेल का, हे गटाच्या अध्यक्षांशी त्याच दिवशी बोलावे.