रणगाड्याचा लेप आणि कारागिराची फणी

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यापाशी रणगाडे फोडण्याचे एक विलक्षण साधन होते. शंकूच्या आकाराच्या स्फोटकास तीन लोहचुंबक बसविलेले असत. सैनिकाने धावत जाऊन ते रणगाड्यास लावले, की ते पोलादास घट्ट चिकटे आणि काही क्षणांत स्फोट होई. जे शस्त्र आपण शत्रूवर चालवितो, तेच शत्रूही आपल्यावर चालवील, अशी भीती जर्मन सेनाधिकाऱ्यांस वाटू लागली. या भीतीतूनच ‘झिमेरिट’ नावाचा लेप जन्मास आला.

लोहचुंबक व लोखंड यांच्यामध्ये थोडे अंतर पडले, की आकर्षण झपाट्याने घटते. हेच या लेपामागील तत्त्व होय. बेरियम सल्फेट, लाकडाचा भुसा, रंगद्रव्य आणि चिकट पदार्थ यांचे मिश्रण करून ते थापीने रणगाड्यावर लावीत. लेप ओला असतानाच त्यावर दातेरी अवजाराने रेघा उठवीत आणि मग ज्योत फिरवून तो कठीण करीत. शेणाने सारवलेल्या जमिनीवर बोटांचे वळ दिसतात, तशाच त्या रेघा दिसत. परंतु त्या शोभेसाठी नसत. उंचवट्यांमुळे थोडक्या लेपातच चुंबक पोलादापासून अधिक दूर राही. १९४३ च्या उत्तरार्धापासून जर्मन कारखान्यांतून असे लेपयुक्त रणगाडे बाहेर पडू लागले.

आज अनेक देशांतील हौशी कारागीर या रणगाड्यांच्या लहान प्रतिकृती तयार करतात. त्यांचे एक रूढ प्रमाण १:३५ असे आहे. तोफेसह सुमारे ८.४५ मीटर लांब असलेला ‘टायगर’ रणगाडा या प्रमाणात अवघा २४ सेंटिमीटर होतो. समजा, मूळ लेपावरील उंचवटा ३.५ मिलिमीटर असेल, तर प्रतिकृतीवर तो ०.१ मिलिमीटरच असावयास हवा. तेथे एक मिलिमीटर जाड लेप बसला, तर मूळ रणगाड्यावर ३५ मिलिमीटर जाड थर होता, असे ती प्रतिकृती खोटेच सांगेल!

म्हणून साधनांची निवड महत्त्वाची ठरते. कारागीर प्रथम दोन भागांची इपॉक्सी लांबी एकत्र मळतो आणि लहानशा लाटण्याने तिचा पातळ थर पसरतो. लांबी चिकटू नये म्हणून लाटणे पाण्याने ओलसर ठेवतो. बारीक दात्यांच्या करवतीचे पाते हवे तेवढ्या रुंदीचे कापून घेतले, की तीच त्याची फणी होते. काही जण पितळेच्या पातळ पत्र्याची फणी वापरतात, तर काही जण कंगोरे असलेले रूळ फिरवितात. आखूड आडव्या रेघा हव्या असतील, तेथे चपट्या टोकाचे अवजार एकेक ठसा करीत दाबावे लागते. लांबी तासा-दोन तासांत कठीण होऊ लागते. म्हणून कुशल कारागीर एका वेळी एकच बाजू हाती घेतो.

परंतु हातात उत्तम फणी आली, म्हणजे काम साधले असे नव्हे. सर्व रणगाड्यांवरील नक्षी सारखी नव्हती. पुष्कळांवर आडव्या रेघा होत्या, तर काही तोफगाड्यांवर लहान चौकटींची जाळी होती. चाकांवर व साखळपट्ट्यांवर लेप नसे. कडांवरील लेप धक्के लागून गळून पडे. ब्रिटनमधील बॉव्हिंग्टन येथील रणगाडा-संग्रहालयात ‘यागटायगर’ नावाच्या वाहनावर हा लेप अद्यापही पाहावयास मिळतो. अशी वाहने व जुनी छायाचित्रे बारकाईने पाहिल्यावरच कोठे रेघ ओढावी आणि कोठे लेप खरवडून टाकावा, हे कारागिरास कळते.

या लेपाची अखेर मोठी बोधप्रद आहे. ज्या संकटासाठी तो लावला, ते संकट आलेच नाही. मित्रराष्ट्रांनी तशा चुंबकीय स्फोटकांचा फारसा वापर केला नाही. पुढे, तोफगोळा लागताच हा लेप पेट घेतो, अशी अफवा उठली. चाचण्यांत ती खोटी ठरली. तरीही सप्टेंबर १९४४ मध्ये लेप लावणे बंद करण्यात आले. भीतीने सुरू झालेले काम अफवेच्या छायेत थांबले आणि असंख्य कामगारांचे श्रम वाया गेले.

प्रतिकृतीवरील केसासारख्या रेघांत हा सारा इतिहास साठविलेला असतो. रेघ जाड झाली किंवा भलत्या जागी पडली, तर इतिहासच बदलतो. म्हणून हातातील अवजार जितके सूक्ष्म, तितकीच कारागिराची दृष्टीही सूक्ष्म व सत्यनिष्ठ असावी लागते.

स्वाध्याय

१. लेपावर रेघा उठविण्याचे कारण कोणते?
२. ७ मिलिमीटरचा उंचवटा १:३५ प्रमाणात किती होईल?
३. ‘भीतीने सुरू झालेले काम अफवेच्या छायेत थांबले’, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.