चाक निघावं, निसटू नये

लातूर–नांदेड रस्त्यावर मी बरीच वर्षं सायकल चालवते आहे. आईची व्हीलचेअर काढणं-घालणं माझ्याकडे असतं. लहानपणीच्या सुट्ट्या आजोळी, कंधार तालुक्यात, बैलगाडीच्या अवतीभवती गेल्या. या तिन्ही वाहनांची चाकं मी स्वतःच्या हातांनी काढली आहेत आणि बसवली आहेत. आमच्या भागात चाक काढायची वेळ येते तीही अडनिड्या जागी: चाकूरच्या पुढे वेड्या बाभळीचा काटा घुसतो, पावसाळ्यात शेतवाटेवर काळी माती मडगार्डात ठासून बसते, नाहीतर दवाखान्याच्या दारात खुर्ची रिक्षात मावत नाही. अशा वेळी पाना न शोधता चाक निघणं हा मोठा आधार असतो. त्या आधाराबद्दल मला जे उमगलं, ते लिहिते आहे.

१. झटकन निघणारं चाक आपल्याकडे जुनंच आहे

बैलगाडीचं चाक बघा. लोखंडी आस जागेवर स्थिर असतो आणि चाक त्याच्याभोवती फिरतं. आसाच्या टोकाला भोक, भोकात वरून घातलेली खीळ. वंगण द्यायचं असलं की गाडीला टेका द्यायचा, खीळ उपसायची आणि चाक बाहेर सरकवायचं. नट नाही, आटे नाहीत. आजोळची लाल कंधारी बैलजोडी जुंपायच्या आधी आजोबा दोन्ही बाजूंच्या खिळा बोटाने चाचपायचे. बैलांच्या तोंडावरून हात फिरवणं जसं रोजचं, तसंच हे.

खीळ काय करते हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ती चाकाला आवळून धरत नाही. आवळलं तर चाक फिरणारच नाही. ती फक्त वाट अडवून उभी राहते. चाकाचा मधला गोळा, म्हणजे तुंबा, बाहेरच्या अंगाला सरकला की खिळीवर येऊन थांबतो. म्हणजे सगळी गाडी, सगळा माल, वर बसलेली पोरं, हे सगळं बोटाएवढ्या लोखंडाच्या भरवशावर. कीर्तनात कैकेयीची गोष्ट ऐकली होती: युद्धात दशरथाच्या रथाची खीळ निखळली आणि तिने त्या जागी आपला हात घातला, त्यावरून तिला दोन वर मिळाले. पुढचं सगळं रामायण त्या वरांमधून घडलं. ज्यांनी गाड्या हाकल्या, त्यांनीच ही गोष्ट जपली असणार असं मला वाटतं. खीळ गेली म्हणजे काय जातं, हे त्यांना सांगावं लागलं नसेल.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्यांना आता बऱ्याचदा रबरी टायर आणि बेरिंग असतं. लाकडी चाक, त्यावर तापवून चढवलेली धाव आणि ती खीळ आता कमीच दिसते.

२. सायकलची क्विक रिलीज आवळून धरते

इथे तत्त्व बदलतं. सायकलच्या चाकाचा आस पोकळ असतो. त्यातून एक बारीक सळई आरपार जाते. तिच्या एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला लिव्हर. लिव्हरच्या मुळाशी मध्यापासून जरा सरकवलेला गोल तुकडा, म्हणजे कॅम असतो. लिव्हर वळवली की हा कॅम सळई खेचतो आणि चाक धरणाऱ्या चिमट्याची दोन्ही टोकं आसावर घट्ट दाबली जातात. धरून ठेवतं ते घर्षण.

ही युक्ती इटलीतल्या विचेंझाच्या तुल्लिओ काम्पान्योलोच्या नावाने ओळखली जाते. तो शर्यती खेळायचा. त्या काळी गिअर बदलायचा म्हणजे मागचं चाक काढून उलटं बसवायचं, कारण दोन बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रं असत. १९२७ च्या नोव्हेंबरात क्रोचे दाउने घाटात बर्फ पडत असताना गारठलेल्या बोटांनी त्याला चाकाचे नट सुटेनात आणि तिथून त्याच्या डोक्यात हा विचार सुरू झाला, अशी कथा सांगतात. कथेचा तपशील कसाही असो, १९३३ मध्ये त्याने कंपनी काढली आणि त्याची लिव्हर जगभर गेली. मला या कथेतली बोटं महत्त्वाची वाटतात. अहमदपूरजवळ मे महिन्याच्या उन्हात घामाने बोटं निसटतात, तेव्हा माझ्याही हातात तेवढाच जोर उरलेला असतो. आवळून बसलेला नट सोडवायला रस्त्यावरच्या कुणाला तरी हाक मारावी लागते. लिव्हर माझी मी उघडते. बाईमाणसाने एकटीने लांब सायकल मारायची तर हा फरक साधा नाही.

३. लिव्हर फिरवायची नसते, मिटायची असते

नव्या सायकलवाल्या पोरांना मी हे पहिल्यांदा दाखवते. लिव्हर दिसते खुंट्यासारखी, त्यामुळे पोरं ती गोल गोल फिरवून आवळतात आणि चाक घट्ट झालं असं समजतात. तसं केलं तर कॅमचं काम झालेलंच नसतं.

सायकल जमिनीवर उभी ठेवून चाक खाचेत पूर्ण वर बसू द्या. लिव्हर उघडी ठेवून पलीकडचा नट हाताने आवळा. मग लिव्हर मिटायला घ्या. ती आसाच्या रेषेत सरळ बाहेर आली, म्हणजे अर्ध्या वाटेवर, की तिथून जोर लागायला हवा. त्याआधी लागला तर नट थोडा सोडा, त्यानंतरही लागला नाही तर नट आवळा. शेवटचा दाब तळहाताने द्यावा लागतो आणि तळव्यावर लिव्हरचा ठसा उमटतो. ठसा उमटला नाही तर मी पुन्हा उघडते. मग पुढचं चाक उचलून वरून हाताने एक चापट मारायची. ते जागचं हललं नाही पाहिजे.

सळईवर दोन छोट्या निमुळत्या स्प्रिंगा असतात. त्यांचं अरुंद टोक आतल्या बाजूला. मागचं चाक काढण्याआधी साखळी सर्वांत लहान चक्रावर आणून ठेवावी, नाहीतर चाक परत बसवताना हात काळे होतात आणि रागही येतो. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर ते आधी मोकळे करायचे. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकची मूठ दाबायची नाही, आणि उतारावरून आल्याआल्या डिस्कला बोट लावायचं नाही.

४. एक अडथळा पुरत नाही

माझं सगळ्यांत पक्कं मत हेच आहे. जे क्षणात उघडतं, ते उघडल्यावरही लगेच पडू नये अशी दुसरी सोय त्यात असायलाच हवी.

सायकलच्या पुढच्या चिमट्याच्या टोकाला बारीक उंचवटे असतात. लिव्हर उघडूनही चाक निघत नाही, नट चार-पाच फेरे सोडावा लागतो. घाई असलेल्या लोकांना हे उंचवटे नकोसे होतात आणि काही जण ते कानशीने घासून टाकतात. मी तसं करू देत नाही. सुटलेल्या लिव्हरची जाणीव होईपर्यंत ते उंचवटेच चाक धरून ठेवतात.

लिव्हर उघडी राहिली की काय होतं, याचा धडा मोठ्या कंपन्यांनाही मिळाला आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ट्रेक कंपनीने तिथल्या सुमारे ९ लाख सायकली दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. कारण एवढंच की पुढची लिव्हर उघडी राहिली, तर ती पार मागे वळून डिस्कमध्ये अडकू शकत होती. पूर्ण उघडलेली लिव्हर आणि डिस्क यांच्यात ६ मिलिमीटर जागा हवी, ही तपासणी तेव्हा सगळ्यांना सांगितली गेली. आपल्या सायकलीवर ती घरच्या घरी करता येते.

आणि चाक बदलण्याचा वेग बघायचा तर फॉर्म्युला वन. २०२३ च्या कतार शर्यतीत मॅक्लारेनच्या चमूने १.८० सेकंदांत चारही चाकं बदलली. प्रत्येक चाकाला मधोमध एकच नट. पण तिथेही नियम आहे की तो नट नीट बसला नाही तरी चाक धरून ठेवणारी दोन टप्प्यांची अडकण आसावर असलीच पाहिजे. ज्यांना सेकंदाच्या दहाव्या भागाचं मोल आहे, ते लोकही दुसरा अडथळा काढून टाकत नाहीत. आपल्याला तर कुठे तेवढी घाई असते!

५. धूळ सगळ्यात आधी खटक्यात शिरते

उन्हाळ्यात आमच्याकडची धूळ पिठासारखी असते. घट्ट ग्रीस लावलं की ती चिकटून बसते. कॅमवर पातळ तेलाचा थेंब, जास्तीचं फडक्याने पुसून, एवढं पुरतं. पाऊस संपला की एकदा चाकं पूर्ण काढून सळई पुसावी.

६. चाक तुम्हाला सोपं, तर चोरालाही सोपं

लातूरमध्ये शिकवण्यांच्या इमारतींपुढे सायकलींच्या रांगा असतात. परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’च्या नावाने गावोगावची मुलं इथे खोल्या घेऊन राहतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना घरच्यांनी हौसेने गिअरची सायकल घेऊन दिलेली असते. पुढच्या चाकाला लिव्हर, सीटलाही लिव्हर. सायकल कुलपात आणि सीट गायब, हे पोरांच्या तोंडून मी ऐकलेलं आहे. बाहेरगावी एकट्या राहणाऱ्या पोराला महिन्याच्या खर्चात नवी सीट बसवणं जड जातं. रोज शिकवणीलाच जाणारी सायकल असेल तर लिव्हर काढून तिथे अॅलन कीने उघडणारी सळई आणि सीटला साधा बोल्ट लावून घ्यावा. साखळी-कुलूप पुढच्या चाकातून आणि सांगाड्यातून दोन्हीतून घालावं.

७. सगळ्या चाकांना खटका लागत नाही

साध्या काळ्या सायकलचं मागचं चाक काढायचं म्हणजे चेनकव्हर, स्टँड, कॅरिअर, मडगार्डच्या काड्या, सगळं सोडवणं आलं. म्हणून आपले पंक्चरवाले चाक काढतच नाहीत. चाक जागेवर ठेवून टायर एका अंगाने उतरवतात, ट्यूब बाहेर ओढतात, घासून ठिगळ लावतात आणि परत आत कोंबतात. लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास हे काम बघत उभं राहायला मला अजून आवडतं. त्या सायकलला लिव्हर लावायचा सल्ला मी कधी देणार नाही.

मोटारीला चार-पाच नट असतात ते वजनासाठी. तिथे एवढंच लक्षात ठेवावं: नट आधी सैल करावेत, मग जॅक लावावा. बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत आणि थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा पाना लावून बघावा.

८. खुर्चीच्या चाकाचं बटण

यावर सर्वांत जास्त लिहावंसं वाटतं, कारण याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

चांगल्या व्हीलचेअरच्या मोठ्या, २४ इंची चाकाच्या मधोमध एक बटण असतं. चाकाचा आस म्हणजे एक पोकळ खुंटी. तिच्या आतल्या टोकाला दोन छोटे छर्रे बाहेर डोकावत असतात. बटण दाबलं की छर्रे आत जातात आणि अख्खं चाक आसासकट हातात येतं. बटण सोडलं की छर्रे पुन्हा बाहेर येतात आणि सांगाड्यावरच्या नळीच्या पलीकडे अडकून बसतात. आजोबांच्या खिळीचंच हे काम, फक्त खीळ आसाच्या पोटात गेली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मॅरिलिन हॅमिल्टन ही हँग ग्लायडिंग करताना पडून अपंग झाली आणि तिने मित्रांकडून ग्लायडरच्याच नळ्यांची हलकी खुर्ची बनवून घेतली. अशा हलक्या खुर्च्यांवर ही चाकं रूढ झाली.

आपल्याकडे याचा उपयोग कुठे होतो, सांगते. आईला लातूरहून नांदेडला न्यायचं असतं. गाडीच्या डिक्कीत सीएनजीची टाकी. घडी घातलेली पोलादी खुर्ची साधारण १८ ते २० किलोची आणि चाकांमुळे रुंद; ती टाकीपुढे मावत नाही. दोन्ही चाकं काढली की सांगाडा डिक्कीत जातो आणि चाकं मागच्या सीटच्या पायाशी. नांदेडमध्ये रिक्षा करावी लागली तरी हेच. सचखंड गुरुद्वाऱ्यात जायचं असलं की बाहेर उतरून मिनिटाभरात खुर्ची उभी राहते. पूर्वी खुर्ची मागे घरी राहायची आणि आईला दोघांनी धरून चालवावं लागायचं. तिला ते फार लागायचं. ती बोलून दाखवायची नाही.

माझे नियम थोडेच आहेत. माणूस बसलेला असताना बटणाला हात लावायचा नाही. चाक बसवलं की बटण पूर्ण बाहेर आलंय का ते बघायचं, आणि बटण न दाबता चाक दोन्ही हातांनी बाहेर ओढायचं. निघालं नाही तरच आईला बसवायचं. ही ओढ मी कधीही चुकवत नाही. आसाला साडीचा दोरा, केस गुंडाळले जातात; ते चिमट्याने काढायचे, नाहीतर छर्रे अर्धेच बाहेर येतात. आस बदलायचा असेल तर माप बघायचं: काही आस अर्ध्या इंचाचे, म्हणजे १२.७ मिलिमीटरचे असतात, काही १२ मिलिमीटरचे. बारीक आस जाड नळीत जातो, पण चाक डुगडुगतं.

९. खुर्ची घेताना विचारा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर आमच्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको, की धडधाकट माणूस एका रात्रीत खुर्चीवर येऊ शकतो. तरीही खुर्ची निवडताना लोक गादी बघतात, रंग बघतात, चाक बघत नाहीत. शिबिरांतून मिळणाऱ्या पुष्कळ खुर्च्यांची चाकं नट-बोल्टने बसवलेली असतात. ती खुर्ची अंगणात चालते, ओसरीवर चालते, पण एसटीत किंवा रिक्षात चढत नाही, आणि मग माणूसही चढत नाही. खुर्च्या वाटणाऱ्या संस्थांनी आणि दात्यांनी थोडे पैसे जास्त घालून निघणाऱ्या चाकांची खुर्ची द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि घेणाऱ्याने, किंवा त्याच्या घरच्यांनी, तिथेच चाक काढून दाखवायला सांगावं. आसाचं माप लिहून घ्यावं आणि जमलं तर एक जादा आस त्याच दिवशी विकत घ्यावा. लातूरच्या बाजारात तो मागितल्यावर मिळेलच असं नाही.