दुष्ट, दुरित आणि आपली मारबत



आजचं चिंतन एका प्रश्नावरून. आमच्या हरिपाठाच्या ग्रुपमधल्या एका ताईने विचारलं, "दादा, ज्या माणसाने बाबांचे प्लॉटचे पैसे घेतले आणि रजिस्ट्री करून दिलीच नाही, तो दुष्टच ना? मी रोज पसायदान म्हणते. त्यातल्या खळांमध्ये तो पण येतो का? त्याच्यासाठी पण मागायचं?"

हो, येतो. पण आधी शब्द नीट बघू, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे.

वेब सिरीज बघून बघून आपल्या डोक्यात 'ईव्हिल' नावाची एक काळी शक्ती बसलीय, जन्मापासून तशीच, कधी न बदलणारी. मराठीत त्याला एकच एक शब्द शोधायला जा, सापडत नाही. 'दुष्ट' घ्या. मूळ धातू दुष्, म्हणजे बिघडणं. दोष, दूषित हे त्याच घरातले. दूषित पाणी म्हणतो तेव्हा पाणी मुळात विषारी आहे असं आपण म्हणत नाही ना, त्यात काहीतरी मिसळलंय एवढंच म्हणतो. 'दुरित' म्हणजे दुर् अधिक इत, वाईट वाटेला गेलेलं. फार जुना शब्द आहे, ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातल्या सवितृसूक्तातही येतो. आणि 'वाईट' तर काय, माणूसही वाईट आणि मला वाईट वाटलं यातलंही वाईटच!

एक गंमत सांगतो. इंग्रजीत 'ईव्हिल आय' म्हणतात. आपल्याकडे नुसतंच 'दृष्ट लागली'. ही दृष्ट वेगळी बरं का, ती 'दृश्' धातूची, बघण्याची. त्यात वाईटपणा कुठेच नाही. उलट आईचीच दृष्ट लागते म्हणतात, आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून ती काढतेही आईच.

आता पसायदान. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९०, नेवाशाला. अठराव्या अध्यायाच्या शेवटी माउली आपल्या गुरूंकडे, विश्वात्मक देवाकडे, प्रसाद मागतात. तिथे खळांबद्दल शब्द कोणता आलाय बघा: 'व्यंकटी'. म्हणजे वाकडेपणा. माउली खळ नाहीसे होवोत असं मागत नाहीत, त्यांचा वाकडेपणा गळून पडो म्हणतात, आणि वर त्यांना चांगल्या कामाची गोडीही लागू दे म्हणतात. माणूस जागेवर राहतो. आमच्या कोड रिव्ह्यूत बग काढतात, डेव्हलपरला नाही, तसंच काहीसं. (उपमा थोडी तोकडी आहे, चालवून घ्या.)

नागपूरकरांना हे वेगळ्या वाटेने माहीत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. लहानपणापासून आपण ओरडत आलोय, रोगराई, इडापिडा घेऊन जा गे मारबत! नीट ऐका, या आरोळीत कोणा माणसाचं नाव नाही. पीडा जाऊ दे, एवढंच. आणि पिवळीची तर लोक आधी पूजा करतात, नवस बोलतात, मग दहन.

पण त्याच मिरवणुकीत दुसरी गोष्टही आहे. काळी मारबत म्हणजे भोसले घराण्यातली बांकाबाई, इंग्रजांना मिळालेली, असं जुन्या वस्तीत सांगतात. कोणी पूतनाही म्हणतात. आता बांकाबाई खरी बाई होती, दुसऱ्या रघूजींची राणी. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं ते तिने डोळ्यांनी बघितलं. एका माणसाच्या एका बाजूला मिळण्याचं आपण पुतळ्यात रूपांतर केलं, की पुढे तिची बाकी सगळी गोष्ट कोणी विचारतच नाही. बडग्यांचंही तेच. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या मला मनापासून आवडतो. जिवंत माणसाच्या चेहऱ्याचा आला की मात्र मी जरा अडखळतो.

म्हणून ताई, केस मागे घे असं पसायदान सांगत नाही. तारखेला जा, कागद जपून ठेव, बाबांचे पैसे मिळालेच पाहिजेत. त्याने जे केलं त्याला फसवणूकच म्हण, 'परिस्थिती' वगैरे मऊ शब्द नकोत. गीताही तिथे मऊ नाही, चौथ्या अध्यायात दुष्कृतांच्या विनाशाचं बोलते. पण तीच गीता नवव्या अध्यायात (९.३०) म्हणते की मोठा दुराचारीसुद्धा अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच समज, त्याचा निश्चय बरोबर झालाय. म्हणजे दार बंद नाही. पसायदानात तू त्या माणसासाठी सुख किंवा सूट मागत नाहीयेस. तो सरळ होऊ दे म्हणतेस. तो सरळ झाला तर पहिलं काम काय करेल? रजिस्ट्री!

तिचा पुढचा मेसेज आला: "पण म्हणताना घसा दाटतो." दाटू दे. त्या ओवीला थांबून, मग पुढे म्हण.

आजचं वाचन गीता १६.४. एकच श्लोक आहे. आसुरी संपत्तीची सहा लक्षणं: दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, कठोर बोलणं, अज्ञान. यातलं एकही राक्षसाच्या शिंगांबद्दल नाही, सगळी ऑफिसात आणि घरात दिसणारी. आणि लगेच पुढच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला म्हणतात, तू शोक करू नकोस, तू दैवी संपत्ती घेऊन जन्मलायस. मला वाटतं, यादी ऐकताना अर्जुनाने दुर्योधनाकडे नाही, स्वतःकडेच बघितलं असावं, म्हणून धीर द्यावा लागला.

उद्या १६.५ तिथूनच पुढे वाचू. राम कृष्ण हरी.