तापणारे यंत्र आणि त्याची घरगुती दुरुस्ती

बंद पडलेल्या यंत्रावर काही उपाय केला आणि ते पुन्हा चालू झाले, म्हणजे ते दुरुस्त झाले असे सामान्यतः समजले जाते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु यंत्र चालू होणे आणि यंत्र दुरुस्त होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद लक्षात न घेतल्यास दुरुस्ती करणाऱ्याचे श्रम वाया जातात आणि कधी कधी उरलेसुरले यंत्रही हातचे जाते. व्हिडिओ गेम खेळण्याच्या एका सुप्रसिद्ध यंत्राचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीचे ‘एक्सबॉक्स ३६०’ हे यंत्र २२ नोव्हेंबर २००५ रोजी अमेरिकेत विक्रीस आले. भारतात ते २००६ मध्ये पोहोचले. थोड्याच काळात त्यासंबंधी तक्रारी येऊ लागल्या. यंत्राच्या दर्शनी भागावरील कळीभोवतीच्या हिरव्या वलयाचे तीन भाग तांबडे होऊन लुकलुकू लागत आणि यंत्र काम करीनासे होई. तक्रारींचे प्रमाण एवढे वाढले की, जुलै २००७ मध्ये कंपनीने या विशिष्ट बिघाडासाठी हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्याकरिता एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली. या यंत्राचे उत्पादन २०१६ मध्ये थांबले. हमीची मुदत तर त्यापूर्वीच संपलेली होती. त्यामुळे ज्यांच्याकडे हे जुने यंत्र आहे त्यांना स्वतःच्या हातांवरच भिस्त ठेवावी लागते.

उष्णतेचा उगम

कोणत्याही संगणकीय यंत्राला पुरवलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. सुरुवातीच्या एक्सबॉक्स ३६०चा विद्युत पुरवठा २०३ वॅट क्षमतेचा होता. खेळ चालू असताना यंत्र दीडशे वॅटहून अधिक वीज घेत असे. यांपैकी मोठा भाग दोनच चिप वापरत. पहिली मुख्य प्रक्रिया करणारी चिप. तिच्यात १६ कोटी ५० लाख ट्रान्झिस्टर होते. दुसरी चिप पडद्यावरील चित्रे घडवणारी. नखाएवढ्या क्षेत्रफळात निर्माण होणारी ही उष्णता तेथून सतत वाहून नेली नाही, तर काही सेकंदांतच चिपचे तापमान धोक्याच्या मर्यादेपलीकडे जाते.

ही उष्णता बाहेर जाते ती एका साखळीने. चिपमधून ती एका पातळ लेपात येते, लेपातून हीट सिंक या अनेक पात्यांच्या धातूच्या ठोकळ्यात जाते, पात्यांवरून वाहणारी हवा ती उचलते आणि मागील पंखे ती हवा बाहेर टाकतात. साखळीतील एक दुवा जरी कमजोर झाला, तरी मागील सर्व दुवे तापतात.

यांतील लेपाचे महत्त्व सहजी लक्षात येत नाही. चिपचा आणि धातूचा पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसला, तरी प्रत्यक्षात त्यांवर सूक्ष्म खळगे असतात व त्यांत हवा अडकते. हवेची उष्णतावहनक्षमता ॲल्युमिनियमच्या तुलनेत सुमारे नऊ हजार पटींनी कमी असते. हे खळगे भरून काढणे एवढेच त्या लेपाचे, म्हणजे थर्मल पेस्टचे, काम. हा लेप वर्षानुवर्षे तापून व निवून वाळतो, त्याला भेगा पडतात, आणि मग पंखा पूर्ण वेगाने फिरत असूनही चिप तापतच राहते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. पंखा चिपचे तापमान खोलीच्या तापमानाखाली कधीच आणू शकत नाही. खोलीचे तापमान २५ अंश सेल्सिअसवरून ४० अंशांवर गेले, तर चिपचे तापमानही जवळजवळ तेवढेच, म्हणजे १५ अंशांनी वाढते. हिवाळ्यात निर्वेध चालणारे यंत्र वैशाखात बंद पडते, त्यात नवल नाही.

दिव्यांची भाषा

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी बिघाड कोणता आहे हे ओळखणे आवश्यक असते. एक्सबॉक्स ३६०च्या वलयाचे चार भाग आहेत आणि त्यांच्या तांबड्या होण्याला निरनिराळे अर्थ आहेत. चारही भाग तांबडे झाले तर दूरचित्रवाणी संचाला जोडणाऱ्या तारेत दोष आहे. दोन भाग तांबडे झाले तर यंत्र अतिशय तापले आहे. तीन भाग तांबडे झाले तर अंतर्भागात काही तरी निकामी झाले आहे. म्हणजे तीन तांबडे भाग ‘यंत्र आत्ता तापले आहे’ असे सांगत नाहीत; ‘काही तरी तुटले आहे’ असे सांगतात. लोकांनी मात्र या दोन्ही संकेतांची गल्लत केली.

तीन भागांच्या संकेतामागे आणखी एक सांकेतिक अंक दडलेला असतो. दूरनियंत्रक जोडण्याची लहान कळ दाबून धरून डिस्कचा कप्पा उघडण्याची कळ चार वेळा दाबली असता, प्रत्येक वेळी वलयाचे काही भाग लुकलुकतात. एक, दोन वा तीन भाग लुकलुकले तर तोच अंक समजावयाचा; चारही लुकलुकले तर शून्य. अशा रीतीने मिळालेला ०१०२ हा अंक सामान्यतः चित्र घडवणाऱ्या चिपच्या जोडणीतील दोषाशी निगडित असल्याचे आढळले आहे.

सांधे का तुटतात

चिप सर्किट बोर्डाला जोडली जाते ती दोन टप्प्यांत. सिलिकॉनचा पातळ तुकडा डाखाच्या अतिसूक्ष्म टेंगळांनी एका छोट्या पट्टीवर बसवलेला असतो. आणि ती पट्टी डाखाच्या शेकडो गोळ्यांनी मुख्य बोर्डावर बसवलेली असते.

पदार्थ तापला की प्रसरण पावतो, परंतु सर्व पदार्थ सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. तापमान एका अंशाने वाढले असता सिलिकॉनची लांबी दहा लाख भागांत सुमारे ३ भागांनी वाढते. काचतंतू व रेझिन यांच्या बोर्डाची सुमारे १५ भागांनी. तापमान ६० अंशांनी वाढले असे मानू. १० मिलिमीटर लांबीत सिलिकॉन २ मायक्रॉनहून थोडे कमी वाढेल, तर त्याखालील पट्टी सुमारे ९ मायक्रॉन वाढेल. सात मायक्रॉनचा हा फरक केसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी आहे; पण तो सोसावा लागतो तो मधल्या डाखाच्या सांध्याला. यंत्र चालू केले की सांधा एका बाजूला ओढला जातो, बंद केले की परत येतो. तार वारंवार वाकवली की ती अखेरीस तुटते, त्याचप्रमाणे या सांध्यात प्रथम तडा जातो आणि पुढे तो तुटतो.

डाखाच्या घटकांचाही यात संबंध होता. युरोपीय संघाच्या नियमांमुळे १ जुलै २००६ पासून अशा उपकरणांतील शिशाच्या वापरावर निर्बंध आले. त्या नियमांची चाहूल घेऊन उद्योगाने शिसेविरहित डाख स्वीकारला होता, आणि तोच या यंत्रातही होता. कथील व शिसे यांचा जुना डाख १८३ अंशांना वितळतो. कथील, चांदी व तांबे यांचा नवा डाख सुमारे २१७ अंशांना वितळतो आणि तो अधिक ताठर असतो.

दीर्घकाळ सर्वत्र अशी समजूत होती की, चिपची पट्टी व बोर्ड यांमधील मोठे गोळे तुटत आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेल्या माहितीपटमालिकेत मात्र कंपनीच्या माजी अभियंत्यांनी निराळा उलगडा केला. वारंवार तापण्या-निवण्यामुळे तुटत होत्या त्या चिपच्या अंतर्भागातील जोडण्या. वरील हिशेबाशी हे सुसंगत आहे, कारण पट्टी आणि बोर्ड यांचे प्रसरण जवळपास सारखेच असते. मोठी तफावत आहे ती सिलिकॉन आणि पट्टी यांच्यात.

टॉवेल, भट्टी आणि उष्ण हवा

या पार्श्वभूमीवर लोकप्रिय झालेल्या घरगुती उपायांची परीक्षा करता येते. सर्वांत प्रसिद्ध उपाय टॉवेलचा. बंद पडलेले यंत्र टॉवेलांत गुंडाळावयाचे, हवेच्या जाळ्या झाकावयाच्या आणि पंधरा-वीस मिनिटे ते तसेच चालू ठेवावयाचे. नंतर निवू दिले की अनेक यंत्रे खरोखरच चालू होत. डाख वितळून सांधे पुन्हा जुळले, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाई. परंतु डाख वितळण्यास २१७ अंश तापमान लागते. ते टॉवेलात गाठले जात नाही, आणि गाठले गेले असते तर यंत्राचे प्लास्टिक त्याआधीच वितळले असते. खरे कारण साधे आहे. तापलेले भाग फुगून वाकतात आणि तडा गेलेल्या सांध्याच्या दोन कडा एकमेकींना टेकतात. वीज वाहू लागते, पण सांधा जुळलेला नसतो. काही दिवसांनी, कधी काही तासांतच, तीच तांबडी खूण पुन्हा दिसते. दरम्यान आगीचा धोका पत्करलेला असतो आणि शाबूत सांध्यांवरही ताण दिलेला असतो.

बोर्ड स्वयंपाकाच्या भट्टीत भाजणे हा दुसरा उपाय. तो लॅपटॉपसाठीही सर्रास वापरला गेला, कारण चिपच्या बांधणीतील दोष केवळ या यंत्रापुरता नव्हता. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीनेही लॅपटॉपमधील सदोष चिपसाठी १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद केली होती. भट्टीतील तापमान सर्वत्र सारखे नसते, बोर्डावरील धारित्रे अशा उष्णतेने फुगतात, आणि रेझिनमधून निघणारे धूर अन्न शिजवण्याच्या जागी साठतात. या कामी वापरलेली भट्टी पुन्हा स्वयंपाकास वापरू नये. हातातील उष्ण हवेच्या बंदुकीने बोर्डाचा एकच भाग तापतो, बोर्ड वाकतो व चांगले सांधेही सुटतात.

तिसरा उपाय हीट सिंक घट्ट बसवण्याचा. मूळ यंत्रात हीट सिंक बोर्डाखालील एक्स या रोमन अक्षराच्या आकाराच्या पोलादी पकडीने धरलेला असतो. ती काढून तेथे ५ मिलिमीटर जाडीचे बोल्ट लावले जात. याने चिपवरील दाब वाढतो, म्हणून तडा काही काळ मिटून राहतो. हा उपाय टॉवेलापेक्षा अधिक टिकतो. तथापि तुटलेला सांधा त्यानेही जुळत नाही.

घरी करता येण्याजोगे काम

याचा अर्थ घरी काहीच करू नये असा नाही. यंत्र नुसते तापत असेल, पंखा घोंघावत असेल, दोन तांबडे भाग दिसत असतील अथवा अर्ध्या-पाऊण तासाने यंत्र आपोआप बंद होत असेल, तर दोष उष्णतेच्या मार्गात आहे, आणि तो मार्ग मोकळा करणे हे चिकाटीच्या माणसाला जमणारे काम आहे.

प्रथम यंत्राची जागा पाहावी. बंद कपाट, सतरंजी किंवा गादी ही अशा यंत्राची जागा नव्हे. चारही बाजूंनी वीतभर मोकळी हवा असावी. विद्युत पुरवठ्याची पेटीही अशीच मोकळी ठेवावी. ती पेटी स्वतः उघडू नये, कारण वीज तोडल्यानंतरही तिच्यात धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

त्यानंतर वीज तोडून, यंत्र निवल्यावर, मऊ कुंचला आणि हवेचा फवारा यांनी जाळ्या व पंखे साफ करावेत. फवारा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, अन्यथा पंखा बेफाम फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. अनेक यंत्रांच्या बाबतीत एवढ्यानेच काम भागते.

तेवढ्याने न भागल्यास लेप बदलावा. एक्सबॉक्स ३६० उघडण्यास टी-८ व टी-१० मापाचे, ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचे स्क्रू ड्रायव्हर लागतात. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि निरनिराळ्या लांबीचे स्क्रू निरनिराळ्या वाट्यांत ठेवावेत. बोर्डाला हात लावण्यापूर्वी यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत घालवावी. पोलादी पकड काढताना हत्यार घसरले तर बोर्डावरील तांब्याची रेषा कापली जाते. संपूर्ण कामातील सर्वांत जोखमीचा क्षण हाच. जुना लेप खरवडू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसावा. नवा लेप तांदळाच्या दाण्याएवढा पुरतो. अधिक लेप म्हणजे अधिक गारवा, ही समजूत चुकीची आहे. जाड थर उष्णतेला अडवतोच. हीट सिंक बसवताना समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. एकच कोपरा आवळल्यास सिलिकॉनचा तुकडा तडकतो.

मात्र हीच कृती प्रत्येक यंत्राला लागू पडेल असे मानू नये. उदाहरणार्थ, २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ या यंत्रात लेपाऐवजी द्रवरूप धातू वापरलेला आहे. तो विजेचा वाहक असल्यामुळे त्याचा एक थेंब बाजूला सांडला तरी बोर्ड निकामी होऊ शकतो.

कोठे थांबावे

साफसफाई व नवा लेप यांनंतरही तीन तांबडे भाग कायम राहिले, तर घरगुती दुरुस्तीची सीमा आली असे समजावे. बोर्डाखालील गोळे तुटले असतील, तर योग्य साधने असलेला कारागीर बोर्ड खालून सावकाश तापवून, तापमान मोजत, चिप उचलून नवे गोळे बसवू शकतो. परंतु जोडणी चिपच्या पोटातच तुटली असेल, तर चिप बदलणे हाच उपाय उरतो. ज्यांत तेही शक्य नाही असे यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या इ-कचरा नियमांत अशा केंद्रांची व्यवस्था आहे. त्यातील पंखे, डिस्क फिरवणारा भाग आणि विद्युत पुरवठा दुसऱ्या दुरुस्तीकाराच्या उपयोगी पडू शकतात.

दुरुस्ती यशस्वी झाली किंवा नाही, हे ठरवण्याची कसोटीही बदलली पाहिजे. यंत्र चालू झाले की नाही एवढेच विचारून भागत नाही. पूर्वी जेवढ्या वेळात ते बंद पडत होते, त्याच्या कितीतरी पट वेळ, तशाच उकाड्यात, ते चालते काय? अनेकदा बंद-चालू केल्यानंतरही चालते काय? आणि केलेल्या उपायाने बिघाडाचे कारण दूर झाले, असे सांगता येते काय? टॉवेलात गुंडाळलेले यंत्र यांपैकी एकाही प्रश्नाला उतरत नाही. धूळ झाडून नवा लेप दिलेले यंत्र, त्याचे सांधे अजून शाबूत असतील तर, तिन्ही प्रश्नांना उतरते. आणि सांधे शाबूत राहावेत असे वाटत असेल, तर लेप व जाळ्या यांकडे तांबडी खूण दिसण्यापूर्वीच लक्ष द्यावयास हवे.