बोलीचा अभ्यास आणि हातातील कॅमेरा

'जग' हा शब्द लिहून पाहा. अर्थ दुनिया असेल तर त्यातील 'ज' तालव्य असतो; 'जगणे'चे आज्ञार्थी रूप असेल तर दंततालव्य. देवनागरीत हा भेद दिसत नाही आणि ही पुस्तिकाही तो ऐकवू शकत नाही. वर्गात आम्ही तो बोलून दाखवतो. दूरशिक्षणात ते काम भ्रमणध्वनीवर केलेली दोन मिनिटांची चित्रफीत करू शकते.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात बोलींचे नमुने आहेत, पण कागदावर उतरवलेले. बोलणाऱ्याचा स्वर त्यांत उरलेला नाही. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या अलीकडच्या बोली-सर्वेक्षणातील ध्वनिमुद्रणे मात्र अवश्य ऐका.

काळाचौकीत हे काम निकडीचे आहे. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार येथे एकाच चाळीत राहिले; 'खंय' आणि 'कुठं' शेजारी नांदले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीला टेकला आहे. साचेखाते, बदली, पाळी हे शब्द छापील मजकुरात सापडतील. ते उच्चारतानाचा हेल सापडणार नाही.

अशा एखाद्या आजोबांकडे जा. आधी परवानगी, मग कॅमेरा. पंखा बंद करा, फोन हातभर अंतरावर स्थिर ठेवा आणि त्यांचे बोलणे मध्येच 'शुद्ध' करू नका. (मराठीच्या विद्यार्थ्यांना हा मोह फार!) नंतर ऐकलेले जसेच्या तसे लिहा, ते जेथे थांबले तेथे खूण करा. 'च' आणि 'ज' असलेल्या शब्दांपाशी तुमची लेखणी अडखळेल. तेथे चित्रफीत मागे नेऊन पुन्हा ऐका.