मेंदूच्या डॉक्टरांची ओळख: पहिलं वाक्य निवडण्याची कृती

वाचनालयात चरित्रकथनाचा कार्यक्रम ठरतो. प्रास्ताविकाला उभं राहिलेलं कुणीतरी सुरुवात करतं, ‘यांचा जन्म अमुक साली अमुक गावी झाला.’ तिसऱ्या वाक्याला मागच्या रांगेतले लोक घड्याळ बघतात. त्यांना डोंबिवलीची गाडी गाठायची असते. त्यातून चरित्रनायक मेंदूविकारतज्ज्ञ असेल तर काम आणखी अवघड. मोडलेलं हाड दिसतं, छातीतली धडधड कळते. मेंदूचा कारभार मात्र बंद दाराआड चालतो. त्या दाराला फट पाडणारी एक गोष्ट शोधायची, एवढंच आपलं काम. नमुन्यादाखल डॉ. नोशीर वाडिया (१९२५–२०१६) घेऊ. जन्म सुरतचा, कर्मभूमी मुंबई, जे. जे. आणि पुढे जसलोक रुग्णालय.

साहित्य: एक वही, चरित्रनायकाच्या शोधनिबंधांचे सारांश, दोन-तीन मृत्युलेख, तोंडावर बोलणारा एक मित्र आणि डोंबिवली ते ठाणे परतीची दोन तिकिटं.

कृती

१. सापडेल ती गोष्ट वहीत टिपा, एका ओळीत एकच. निवड आत्ता करू नका. नुसत्या मृत्युलेखांवर थांबू नका. माणूस काय मिळवून गेला ते तिथे असतं, त्याने काय पाहिलं ते शोधनिबंधात सापडतं.

२. मानसन्मान वेगळे काढा. वाडियांना २०१२ मध्ये पद्मभूषण मिळालं, ते शेवटी सांगा. ‘पहिले’ आणि ‘थोर’ हे शब्दही बाजूला ठेवा. आनंदीबाई जोशींचंच बघा: त्या १८६५ मध्ये कल्याणात जन्मल्या. ‘पहिल्या स्त्री डॉक्टर’ म्हटलं की श्रोता मान डोलावतो आणि विसरतो. त्यांच्या अस्थी अमेरिकेत पोकीप्सीच्या दफनभूमीत, त्यांना घरात ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत, असं सांगा. ‘तिकडे कशा गेल्या?’ हा प्रश्न लगेच येतो. प्रश्न उठवते ती गोष्ट ठेवा.

३. उसनी गंमत गाळा. वाडिया लंडनला रसेल ब्रेन यांच्या हाताखाली शिकले. मेंदूच्या डॉक्टरांचं आडनावच ब्रेन! हशा हमखास पिकेल, पण तो गुरूच्या नावावर. शिष्य कोपऱ्यातच राहील.

४. आता दोन उरल्या. पहिली: १९७१ च्या सुमारास मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. डोळे बरे झाले, पण काही दिवसांनी काहींचे पाय लुळे पडू लागले. वाडिया आणि सहकाऱ्यांनी हा धागा जुळवून ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. दुसरी: १९७१ मध्येच वाडिया आणि स्वामी यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांची हकिगत लिहिली. त्या घरांत चालताना तोल जाण्याचा आनुवंशिक विकार होता आणि रुग्णांची नजर एका वस्तूवरून दुसरीवर उडी न मारता हळूहळू सरकत होती.

५. दोन्ही गोष्टी लोकलमध्ये पारखा. मित्राला खिडकीशी बसवा, दोन्ही गोष्टी ऐकवा आणि बाहेरचे खांब बघायला सांगा. त्याची बुबुळं खांबाबरोबर सरकतील आणि झटक्यात पुढच्या खांबावर उडी घेतील. ही उडी त्या रुग्णांत मंदावलेली होती. परतीच्या प्रवासात मित्राला विचारा, दोन्हींपैकी काय लक्षात राहिलं? समोरच्याच्या डोळ्यांत पडताळता येते ती गोष्ट बहुधा जिंकते. साथीची गोष्ट मध्यावर ठेवा. पेंगणारे तिथे जागे होतील.

६. तपासून घ्या. साल, कुटुंबांची संख्या, सहलेखकाचं नाव मुळाशी ताडून बघा. स्वामींचं नाव गाळून सगळं श्रेय नायकाला देऊ नका.

७. पुढचा रस्ता आहे का ते बघा. नऊ कुटुंबांच्या गोष्टीचा धागा थेट १९९६ पर्यंत जातो. त्या वर्षी या विकाराचं जनुक बाराव्या गुणसूत्रावर सापडलं. क्यूबातल्या ओल्गीन भागात हाच विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. जी गोष्ट सांगून झाल्यावर पुन्हा ‘यांचा जन्म’वर यावं लागतं, ती निवड चुकलेली.

८. वाक्य लिहा. साधं, एका दमात म्हणता येईल असं: ‘घरी जाताना गाडीत खिडकीशी बसलेल्याचे डोळे बघा, त्यांची जी उडी आपल्या कधी लक्षात येत नाही, ती मंदावलेली वाडियांना दिसली.’ मग क्षणभर थांबा.

टीप: नऊ कुटुंबं म्हणजे नऊ घरांचं दुखणं. सभागृहात अशाच घरातलं कुणी बसलेलं असू शकतं. नवल डॉक्टरांच्या नजरेचं सांगायचं, रुग्णांच्या डोळ्यांचं नाही.