खोडीमागचे मूल



"पोरे फार खोडकर झाली आहेत," अशी तक्रार आपण सर्वच करतो. पण हात उगारण्यापूर्वी, "मुलाने हे का केले?" असे आपण स्वतःला विचारतो का? दोन चित्रपट आपल्याला हा प्रश्न विचारायला शिकवतात.

पहिला परेश मोकाशी यांचा 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४). आपल्या जिल्ह्यातील शेगावची पालखी दरवर्षी आषाढीला पायी जाते, त्या पंढरपुरातली ही गोष्ट. ज्ञानेशला वडील नाहीत. आई यंत्रावर स्वेटर विणून घर चालवते. कर्ज थकते आणि बँक ते यंत्र जप्त करते. पैशांसाठी आई ज्ञानेशची सायकल विकायला निघते. ही सायकल वडिलांनी स्वतः बनवलेली; तिचे नाव एलिझाबेथ. ती वाचवण्यासाठी ज्ञानेश, त्याची धाकटी बहीण आणि मित्र आईला न सांगता कार्तिकीच्या यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. वरवर पाहता ही लबाडीच. आईपासून लपवणे चूकच. पण त्यामागे घरावरची माया आहे. नुसता रट्टा दिला, तर ती माया आपल्याला कधीच दिसणार नाही.

दुसरा चित्रपट फ्रान्सचा, फ्रान्स्वा त्रुफो यांचा 'पॉकेट मनी' (१९७६). एका लहान गावातील शाळकरी मुलांच्या गमतीजमती त्यात आहेत. आईवडील घरी ठेवून गेले म्हणून एक मुलगी खिडकीतून कर्ण्यावर "मला भूक लागली!" असे ओरडते आणि शेजारी दोरीला टोपली बांधून तिला जेवण पोहोचवतात. आपण पोट धरून हसतो. पण त्याच शाळेत फाटक्या कपड्यांतला ज्युलियाँही आहे. शाळेतल्या आरोग्य तपासणीत त्याच्या अंगावर माराचे वळ सापडतात, तेव्हा कुठे सर्वांना कळते की हा मुलगा घरी काय सोसत होता.

म्हणजे एका खोडीमागे माया असते, दुसरीमागे नुसती गंमत, तर तिसऱ्या मुलाच्या वागण्यामागे जखम असू शकते. छडी तिन्हींना एकाच मापाने मोजते. म्हणून २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. शेजारचे एखादे मूल संकटात दिसले, तर १०९८ या मोफत क्रमांकावर आपण कळवू शकतो.

या आठवड्यात घरी बोलू या :
१. लहानपणी आपण केलेली कोणती खोडी मुलांना सांगता येईल?
२. मुलाने आपल्यापासून काही लपवले, तर ते आपल्या भीतीने की आपल्या काळजीने?
३. आपल्या वस्तीत असे कोणते मूल आहे, ज्याची कोणीच विचारपूस करत नाही?